सहाशेची बोली, सातशे चाळीसचे बिल: अमेरिकेतल्या एका ऑनलाइन रायफल लिलावाचा हिशेब

टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका मराठी माणसाने बंदुकांच्या ऑनलाइन लिलावात एक जुनी रायफल ६०० डॉलरला जिंकली. सगळे धरून ७०० च्या वर जायचे नाही, असे त्याने बोली लावण्याआधीच ठरवले होते. रायफल प्रत्यक्ष हातात आली तोवर खिशातून ७३९ डॉलर ७१ सेंट गेले होते. बोलीवर २३ टक्क्यांहून थोडे जास्तच. आपल्याला कुणीतरी टोपी घातली, असे त्याला वाटले. बिल ओळीओळीने तपासले तेव्हा त्यात एकही बेकायदा आकडा सापडला नाही. पण त्याच रायफलीचे, त्याच बोलीचे बिल ६९१ डॉलरच्या घरात आणता आले असते, तेही पूर्ण सरळ मार्गाने, हेसुद्धा त्याच तपासात कळले.

एक खुलासा आधीच करतो. हा खरेदीदार, समोरचा विक्रेता आणि बिलातले आकडे मी हिशेब समजावा म्हणून बांधले आहेत. कायदे, कराचे दर आणि तारखा खऱ्या आहेत.

रायफल आणि तिचे वय

लिलावात होती ती ईशापूर २ए१. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत तयार झालेली, अंगावर १९६७ साल कोरलेले. बासष्टच्या चीन युद्धानंतर आपल्या लष्कराला नाटोच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसावर चालणाऱ्या रायफली लवकरात लवकर हव्या होत्या. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसलेल्या थ्री नॉट थ्रीचाच साचा घेऊन, पोलाद अधिक मजबूत करून, ही रायफल काढली गेली. पुढे लष्कराने मोडीत काढलेल्या अशा रायफली सरप्लस माल म्हणून अमेरिकेत गेल्या आणि तिथल्या हौशी संग्राहकांच्या कपाटांत बसल्या. गंमत अशी की भारतात ७.६२ आणि .३०३ ही दोन्ही प्रतिबंधित बोअरची हत्यारे. ईशापूरहून चार पावलांवर राहणाऱ्या माणसालाही ती सहजासहजी मिळायची नाही. ह्यूस्टनच्या उपनगरातला आपला माणूस मात्र ती घरबसल्या लिलावात घेतो.

तो अमेरिकन नागरिक आहे, म्हणून घेऊ शकतो. ग्रीन कार्ड असते तरी चालले असते. एच-१बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र संघीय कायद्याने बंदूक घेणे, बाळगणे हा गुन्हा आहे; वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. नव्याने तिकडे गेलेल्या मराठी मुलांपैकी कुणी हौसेने अशा साइटवर खाते उघडायच्या बेतात असेल, तर कराचा हिशेब नंतर, हे आधी वाचावे.

रायफल १९६७ ची आहे, हा तपशील लक्षात ठेवा. पन्नास वर्षे ओलांडलेल्या बंदुकीला अमेरिकी नियमांत ‘क्युरिओ अँड रेलिक’, बोलीभाषेत ‘सी अँड आर’, असा वेगळा दर्जा मिळतो. आपल्या खरेदीदाराला तो ठाऊक होता. त्याचा बिलाशी काय संबंध, ते ठाऊक नव्हते.

बिल

अंतिम बोली: ६००.०० डॉलर
पॅकिंग, टपाल, विमा: ४५.००
साइटने खरेदीदाराकडून घेतलेली फी, बोलीच्या १ टक्का: ६.००
सेल्स टॅक्स, ६५१ डॉलरवर ८.२५ टक्के: ५३.७१
स्थानिक डीलरची ट्रान्सफर फी: ३५.००
एकूण: ७३९.७१

यातले ६४५ डॉलर त्याने विक्रेत्याला मनीऑर्डरने पाठवले. कार्डाने दिले असते तर विक्रेता वर ३ टक्के मागत होता. ते त्याने शहाणपणाने टाळले. साइटची फी आणि कर असे ५९ डॉलर ७१ सेंट साइटने परस्पर त्याच्या कार्डावरून वळते केले. ट्रान्सफर फी डीलरच्या काउंटरवर रोख. एका रायफलीसाठी तीन जणांना तीन वेगवेगळ्या वेळी पैसे गेले, आणि एकूण बेरीज कुठल्याच एका कागदावर आली नाही. बजेट हातातून निसटण्याचे पहिले कारण हेच. लिलाव चालू असताना पडद्यावर फक्त बोली दिसते, शेवटच्या मिनिटांत कुणी बोली वाढवली की घड्याळ पुढे सरकते, आणि माणूस ‘अजून दहा डॉलर’ करत जातो. त्या दहा डॉलरचे खरे अकरा होतात, हे तेव्हा कोण मोजतो?

साइटची १ टक्का फी अशा व्यवहारांत ‘कंप्लायन्स’च्या नावाने येते. कर मोजणे, गोळा करणे, राज्याकडे भरणे यांचा खर्च, असे तिचे समर्थन. म्हणजे कर वसूल करण्याचा खर्च करदात्याकडून, आणि त्या खर्चावर पुन्हा कर. टेक्सासमध्ये मालाच्या विक्रीला जोडून घेतलेली रक्कम, अगदी टपालखर्चसुद्धा, करपात्र किमतीत मोडते. माल करपात्र तर त्याची पोच करपात्र. आपला माणूस ६०० वर कर मोजून बसला होता. तो ६५१ वर लागला.

तरी तो स्वस्तात सुटला, असे मी म्हणेन. रॉक आयलंड किंवा मॉर्फीसारख्या जुन्या, प्रतिष्ठित लिलावघरांत हीच रायफल घेतली असती, तर बोलीवर ‘बायर्स प्रीमियम’ बसला असता. या धंद्यात तो साधारण १५ ते २५ टक्के असतो आणि सहसा त्याच्यासकट किमतीवर कर लागतो. तिथे लिलावघर माल तपासते, फोटो काढते, वर्णनाची काही जबाबदारी घेते. वर्गीकृत जाहिरातींसारख्या चालणाऱ्या साइटवर यातले काही नसते. प्रीमियम जास्त वाटतो, पण त्यात निदान कुणीतरी रायफल हातात घेऊन पाहिलेली असते.

पहिला वाद: विक्रेता खासगी, मग कर कसला?

विक्रेता पेनसिल्व्हेनियातला निवृत्त गृहस्थ. त्याचे दुकान नाही, परवाना नाही, टेक्सासशी त्याचा काडीचा संबंध नाही. खरेदीदाराने त्याला सरळ विचारले: तुम्ही व्यापारी नाही, माझ्या राज्यातले नाही, तर हा ५३ डॉलरचा कर कशाचा? गृहस्थाचे उत्तरही सरळ होते: मी तो घेतलेला नाही.

दोघेही खरे बोलत होते. यातला गुंता कळायला १९९२ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी क्विल कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या विक्रेत्याचे राज्यात दुकान, गोदाम किंवा माणसे नाहीत, त्याच्यावर ते राज्य सेल्स टॅक्स गोळा करण्याची सक्ती करू शकत नाही. कर माफ झाला नव्हता. गिऱ्हाइकाने स्वतःहून ‘यूज टॅक्स’ म्हणून तो राज्याकडे भरावा, अशी अपेक्षा होती. ती किती जण पाळत असतील, हे आपल्याकडच्या कुठल्याही स्वयंघोषित कराच्या अनुभवावरून ताडता येईल. परराज्यातून मागवले की कर नाही, अशी समजूत तेव्हापासून लोकांत पक्की बसली. बंदुकांच्या बाजारात तर जास्तच, कारण ईबेने १९९९ मध्ये बंदुकांची विक्री बंद केल्यावर त्याच वर्षी निघालेल्या गनब्रोकरसारख्या खास साइटींवर बहुतेक सौदे परराज्यांतलेच असत.

२१ जून २०१८ ला चित्र पालटले. साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर. साउथ डकोटा हे छोटे राज्य. तिथे राज्याचा आयकर नाही, तिजोरी बरीचशी विक्रीकरावर चालते. त्याने कायदा केला: वर्षाला राज्यात एक लाख डॉलरहून जास्त विक्री किंवा २०० व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्यानेही कर गोळा करावा. फर्निचर विकणाऱ्या वेफेअरला राज्यानेच न्यायालयात खेचले. निकाल पाच विरुद्ध चार लागला, बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती केनेडींचे. थॉमस, अलिटो, गोरसच यांच्या जोडीला गिन्सबर्ग, आणि विरोधात रॉबर्ट्स यांच्याबरोबर ब्रेयर, सोटोमायोर, केगन. नेहमीच्या डाव्या-उजव्या रांगा मोडणारी ही वाटणी होती. बंदुकांशी या खटल्याचा काहीच संबंध नव्हता. तरी बंदुकांच्या लिलावांवर त्याचा परिणाम शस्त्रकायद्याच्या बऱ्याच वादांपेक्षा जास्त झाला, असे माझे मत आहे.

निकालाच्या पाठोपाठ राज्यांनी दुसरी, जास्त उपयोगी चाल केली. लाखभर किरकोळ विक्रेत्यांच्या मागे कोण लागणार? त्यापेक्षा ज्याच्या साइटवर ते विकतात त्यालाच कायद्याने विक्रेता धरायचे. टेक्सासमध्ये हा नियम १ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाला. सेल्स टॅक्स असलेल्या राज्यांपैकी मिझुरी सर्वांत शेवटी, १ जानेवारी २०२३ ला, या रांगेत आले. आपल्याकडच्या जीएसटीत ऑनलाइन बाजार चालवणारी कंपनी सहसा विक्रेत्याच्या रकमेतून एक छोटासा टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला कर, कापते, जुलै २०२४ पासून अर्धा टक्का, आणि बाकी कर विक्रेता स्वतः भरतो. अमेरिकेत पूर्ण कराची जबाबदारीच साइटच्या गळ्यात आहे.

आता खरेदीदाराच्या युक्तिवादाकडे पाहू. तो अगदीच वेडगळ नाही. टेक्सासच्या कायद्यात ‘ऑकेजनल सेल’, म्हणजे प्रासंगिक विक्री, करमुक्त आहे. जो धंदा करत नाही आणि बारा महिन्यांत एखाददुसरी करपात्र वस्तूच विकतो, त्याच्या विक्रीवर कर नाही. शेजाऱ्याने आपली जुनी रायफल शेजाऱ्याला विकली तर राज्य हात पुढे करत नाही. पण लिलावात कायद्याच्या नजरेने विकणारी साइट आहे, आणि ती रोज अगणित सौदे घडवते. तिच्या बाबतीत प्रासंगिक असे काही उरत नाही. विक्रेत्याचा खासगीपणा साइटच्या मागे झाकला गेला.

दुसऱ्या बाजूने पाहा. शस्त्रकायद्याच्या नजरेने ही साइट कुणीच नाही. ती बंदुकीला हात लावत नाही, तिची ताबेदारी घेत नाही, तिला डीलरचा परवाना लागत नाही. रायफल खरेदीदाराच्या हाती देणारा कायदेशीर माणूस आहे तो ह्यूस्टनमधला डीलर, ज्याने ती विकलेली नाही आणि जिच्या किमतीशी त्याला देणेघेणे नाही. कर मागणारा एक, बंदूक देणारा दुसरा, पैसे घेणारा तिसरा. बिलातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘या कायद्यात विक्रेता कोण?’ एवढा प्रश्न ठेवला की ती ओळ उलगडते. आपल्या खरेदीदाराची चीड मुख्यतः एवढ्यासाठी होती की तो तिघांचे प्रश्न एकाच, चुकीच्या माणसाला विचारत होता.

दुसरा वाद: ८.२५ टक्के कुठून आले?

इथे मात्र त्याला खरोखर काही वाचवता आले असते.

टेक्सास राज्याचा दर ६.२५ टक्के. त्यावर शहर, काउंटी, वाहतूक प्राधिकरण वगैरे मिळून जास्तीत जास्त २ टक्के लावू शकतात. खरेदीदाराचे घर शहराच्या हद्दीबाहेर, जिथे आपण या उदाहरणापुरता फक्त राज्याचा दर धरला आहे. मग ८.२५ का? कारण परराज्यातून आलेली रायफल त्याच्या घरी येऊच शकत नव्हती. १९६८ च्या गन कंट्रोल अॅक्टनुसार एका राज्यातला खासगी माणूस दुसऱ्या राज्यातल्या खासगी माणसाला बंदूक थेट देऊ शकत नाही. ती खरेदीदाराच्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडे जावी लागते. पार्सलवर पत्ता डीलरचा, आणि डीलरचे दुकान ह्यूस्टन शहरात. ऑनलाइन बाजारातल्या विक्रीला टेक्सास जिथे माल पोचतो किंवा जिथे गिऱ्हाईक तो ताब्यात घेते तिथला स्थानिक दर लावते. म्हणून ८.२५.

फरक ६५१ वर दोन टक्के, म्हणजे १३ डॉलर २ सेंट. हद्दीबाहेरचा एखादा डीलर निवडला असता तर ते वाचले असते. त्याने निवडताना पाहिले होते ते एवढेच की ऑफिसमधून परतताना कोणते दुकान वाटेत पडते.

तिसरी ओळ: ट्रान्सफर

डीलरच्या काउंटरवर बंदूक घेणाऱ्याने भरायचा संघीय फॉर्म ४४७३ भरला, एफबीआयच्या एनआयसीएस यंत्रणेतून पार्श्वभूमी तपासली गेली, रायफल मिळाली. ही यंत्रणा नोव्हेंबर १९९८ पासून चालू आहे आणि एफबीआय त्यासाठी शुल्क घेत नाही. ३५ डॉलर हे डीलरच्या वेळेचे, नोंदवहीचे आणि जोखमीचे. दर प्रत्येक डीलर आपापला ठरवतो. तपासणीत नकार आला असता तरी ही फी बहुधा गेलीच असती, आणि रायफल परत पाठवायचा खर्च वेगळा. बोली लावण्याआधी डीलरला फोन करून दर विचारावा आणि परवाना नसलेल्या माणसाने पाठवलेले पार्सल तो घेतो का तेही विचारावे. कित्येक डीलर घेत नाहीत. मोठ्या खासगी कुरिअर कंपन्याही आता परवाना नसलेल्यांकडून बंदुका स्वीकारत नाहीत. आपल्या विक्रेत्याने रायफल टपालाने पाठवली. लांब नळीची बंदूक डीलरच्या पत्त्यावर तशी पाठवता येते.

आता वयाचा तो मुद्दा. संग्राहकाला तीन वर्षांसाठी ३० डॉलरमध्ये ‘सी अँड आर’ परवाना मिळतो. व्यापारासाठी तो नाही. पण त्यावर पन्नास वर्षे ओलांडलेली रायफल परराज्यातून थेट घरी मागवता येते. डीलर नाही, ट्रान्सफर फी नाही. जबाबदाऱ्या आहेत: घेतल्या-दिल्याची नोंदवही ठेवायची, अर्जाची प्रत स्थानिक पोलीस प्रमुखाला द्यायची, आणि या परवान्याच्या आडून धंदा करायचा नाही. शिवाय आपल्या राज्याचे वेगळे नियम पाहावे लागतात. काही राज्यांत हा परवाना असूनही फारशी सूट मिळत नाही.

परवाना करातून सोडवत नाही, हे इथे ठळक सांगायला हवे, कारण नेमका हाच गैरसमज सगळीकडे ऐकू येतो. करमाफी मिळते ती पुनर्विक्रीसाठी माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला, त्याच्या रीसेल प्रमाणपत्रावर. त्यातून लिलावाबद्दल एक उपयोगी गोष्ट कळते. समोर बोली लावणारा डीलर असेल तर त्याला कर नाही, ट्रान्सफर फी नाही. पडद्यावर दोघांचीही बोली ६०० दिसते. त्याला ती ६५१ ला पडते, आपल्या माणसाला ७४० ला. अशा माणसाशी ईर्ष्येने चढाओढ करणारा हौशी गडी हिशेबातच हरलेला असतो.

मधल्या काळातला प्रस्ताव

लिलाव संपल्यावर, पैसे पाठवायच्या आत, विक्रेत्याने एक निरोप पाठवला होता: साइट माझ्याकडून ६ टक्के कमिशन घेते. सौदा रद्द दाखवू, तुम्ही मला ५९० थेट द्या, टपालखर्च वेगळा. त्याचे ३६ डॉलर कमिशन वाचत होते. खरेदीदाराचे बोलीतले १०, साइटची फी ६ आणि कर ५३.७१, मिळून ६९ डॉलर ७१ सेंट. रायफल तरीही डीलरमार्फतच गेली असती, म्हणजे शस्त्रकायदा कुठे मोडत नव्हता.

त्याने नकार दिला, आणि माझ्या मते योग्य केले. साइटच्या नियमांत हा करारभंग आहे, खाते कायमचे बंद होऊ शकते. पण मोठे कारण वेगळे. साइट बाजूला झाली की करही बाजूला होतो, हे फक्त खऱ्या प्रासंगिक विक्रीपुरते खरे. या गृहस्थाच्या खात्यावर वर्षभरात पंधरा-वीस विक्री दिसत होत्या. तो आपला अख्खा संग्रह मोकळा करत होता. एखाददुसऱ्या विक्रीची सवलत त्याला लागू नव्हती. मग यूज टॅक्स खरेदीदारावरच आला असता, स्वतः विवरण भरून. वर, साइटच्या तक्रार निवारणाचे जे काय तुटपुंजे संरक्षण होते तेही गेले असते. फोटोतली नळी आणि आलेली नळी वेगळी निघाली तर दाद कुणाकडे मागणार?

विक्रेत्याच्या बाजूनेही हा निरोप धोक्याचा होता. स्वतःचा संग्रह विकणे वेगळे आणि नफ्यासाठी वारंवार घेणे-विकणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला परवाना लागतो. २०२२ च्या बायपार्टिझन सेफर कम्युनिटीज अॅक्टने ‘धंदा करणे’ याची व्याख्या अधिक कडक केली आहे. वर्षाला वीस बंदुका विकणाऱ्याने सौदे लपवण्याची सवय लावून घेऊ नये.

दुसऱ्या राज्यांत काय झाले असते

माँटाना, ओरेगन, न्यू हॅम्पशायर आणि डेलावेअर इथे सेल्स टॅक्सच नाही. अलास्कात राज्याचा नाही, गावोगावचा असू शकतो. वेस्ट व्हर्जिनियाने जुलै २०२१ पासून बंदुका आणि काडतुसे करमुक्त केली. मिसिसिपी आणि लुइझियानात वर्षातून एकदा काही दिवस बंदुकांवर कर नसतो. फ्लोरिडाने २०२५ मध्ये ८ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर अशी लांबलचक सवलत दिली.

उलट टोकाला कॅलिफोर्निया. तिथे १ जुलै २०२४ पासून परवानाधारक डीलरांच्या बंदूक-काडतूस विक्रीवर ११ टक्के वेगळा अबकारी कर आला, नेहमीच्या सेल्स टॅक्सच्या वर. पार्श्वभूमी तपासणी आणि नोंदणीची राज्याची फी २०२४ मध्ये ३७.१९ डॉलर होती. शिवाय परराज्यातल्या, कॅलिफोर्नियात कर नोंदणी नसलेल्या विक्रेत्याचा माल जो स्थानिक व्यापारी गिऱ्हाइकाच्या हाती देतो, त्यालाच तिथला करकायदा किरकोळ विक्रेता धरतो. म्हणून तिथला डीलर कर भरल्याची पावती मागतो, नसेल तर स्वतः कर लावतो. साइटची पावती जपून ठेवली नाही तर एकाच रायफलीवर दोनदा कर द्यायची पाळी येऊ शकते. कोलोरॅडोत नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात मंजूर झालेला ६.५ टक्के अबकारी कर १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे.

एक कर या बिलात कुठेच दिसत नाही. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने उत्पादक किंवा आयातदाराकडून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर १० आणि बाकी बंदुका-काडतुसांवर ११ टक्के संघीय कर घेतला जातो आणि तो पैसा राज्यांना वन्यजीव संवर्धनासाठी मिळतो. जुन्या मालाच्या लिलावात तो पुन्हा लागत नाही. नव्या बंदुकीच्या किमतीत मात्र तो आधीच मुरलेला असतो.

आणि एक उलटा मामला. याच लिलावांत कधीकधी आपल्याकडच्या तोडेदार बंदुका येतात, पितळी तारकाम केलेल्या, दीडदोनशे वर्षे जुन्या. १८९८ किंवा त्याआधीच्या अशा अस्सल जुन्या बंदुका संघीय कायद्याच्या व्याख्येत ‘फायरआर्म’ ठरतच नाहीत. डीलर नको, फॉर्म नको, पार्सल थेट घरी. सेल्स टॅक्स मात्र शोभेच्या कुठल्याही वस्तूसारखा पुरेपूर.

उलटा हिशेब

या प्रकरणातून खरेदीदाराने एक सवय उचलली: खालून वर मोजायचे. एकूण ७०० ही मर्यादा. त्यातून ट्रान्सफरचे ३५ वजा केले की ६६५. त्याला १.०८२५ ने भागले की ६१४.३२. त्यातून टपालाचे ४५ गेले, ५६९.३२. एक टक्का फीसाठी १.०१ ने भागले, ५६३.६८. म्हणजे ह्यूस्टनच्या डीलरमार्फत घेताना त्याची शेवटची बोली ५६३ डॉलर असायला हवी होती. पुढच्या माणसाने ५७५ म्हटले की संगणक बंद करायचा.

दुसरी वाट: परवाना हाताशी, पार्सल थेट घरी, ट्रान्सफर फी शून्य, दर घरच्या पत्त्याचा ६.२५ टक्के. तेव्हा ७०० भागिले १.०६२५, वजा ४५, भागिले १.०१, बरोबर ६०७.७५. त्या वाटेने ६०० ची बोली ऐपतीत बसत होती आणि एकूण बिल ६९१.६९ झाले असते. परवान्याचे ३० डॉलर त्यात धरले तरी पहिल्याच रायफलीत १८ डॉलर हाती उरत होते, आणि परवाना पुढे तीन वर्षे चालू.

ईशापूर आता त्याच्या कपाटात आहे. ‘सी अँड आर’चा अर्ज त्याने भरला आहे, प्रत पोलीस प्रमुखाकडे गेली आहे. परवाना येईपर्यंत कुठल्याही लिलावावर बोली लावायची नाही, असे त्याने ठरवले आहे. निदान बायकोला तरी तसे सांगितले आहे.